साडेपाचवर थांबलेला काटा

३ मार्च, सोमवार

दादा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम शेजारणीकडून लिहून घेतला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती होती. फसवलं म्हणून आत्ताच काय ते रागावून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

चार वर्षांनी लिहायला बसले तर खुशालीपलीकडे काही सुचेना. आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझे गुडघे जिन्यावर कुरकुर करतात. तुझी भाची माझ्याहून वीतभर उंच झाली आहे आणि बोलते अगदी तुझ्यासारखी, म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी. जानेवारीपासून ती आपल्या धुलाईखान्यातच लागली. इस्त्रीच्या हॉलमध्ये, चार नंबरच्या टेबलावर. मी नको म्हणत होते, पण तिच्यापुढे माझं काय चालतंय?

‘आपल्या धुलाईखान्यात’ असं लिहून गेले. तुझा तो राहिला नाही, हे लक्षात आहे माझ्या.

एक कामाचं विचारायचं होतं. माझ्या ओळखीची एक बाई दुसरीकडे अशाच ठिकाणी नोंदी ठेवायचं काम करते. त्यांच्याकडे बॉयलरपासून इस्त्रीच्या हॉलपर्यंत वाफेचा जो मोठा पाइप जातो, तो म्हणे आतून ठोके देतो. सकाळी वाफ सोडली की तीन-चार, मग दिवसभर अधूनमधून. भिंतीपलीकडून कुणी हातोडा मारावा तसे. ती फार घाबरली आहे. मी तिला म्हटलं, माझा भाऊ बावीस वर्षं बॉयलरवर होता, त्याला विचारते. तर हे कितपत वाईट असतं? आणि वाईट असेल तर तिने आधी काय करावं?

आमच्याकडे सगळं ठीक आहे. वाफेच्या दाबाचा काटा साडेपाचवर आहे.

तुझी
भागूबाई

(हे नाव अजून चालत असेल तर.)


७ मार्च, शुक्रवार

दादा,

उत्तर आलं नाही. टपाल पोचायलाच दोन दिवस लागतात हे कळतं, तरी रोज चार वेळा दाराशी जाऊन येते.

ती दुसरी बाई कोणी नाही. तुला ते पहिल्या ओळीतच कळलं असणार. ‘हिला खोटं बोलताच येत नाही, नाकाचा शेंडा लाल होतो,’ असं तू साऱ्या नातेवाइकांत सांगत फिरायचास. पत्रात नाक दिसत नाही एवढाच काय तो फायदा.

पाइप आपलाच आहे. ठोके गेल्या महिन्यात वाढले. मी माझ्या काचेच्या खोलीत बसून मोजते. सोमवारी सतरा झाले, काल एकतीस. सगळ्यात मोठा आवाज येतो तो जिथे पाइप छताखाली वळतो तिथून, आणि तिथे बरोब्बर खाली चार नंबरचं टेबल आहे. त्या वळणावरच्या जोडातून तांबूस पाण्याचे थेंब पडतात. परवा लेकीच्या स्वच्छ चादरीवर पाच ठिपके पडले. चादर पुन्हा धुवायला गेली आणि मॅनेजरने फर्मान काढलं, ‘टेबल हातभर सरकवून घ्या.’ सरकवलं. आता थेंब जमिनीवर पडतात म्हणून सगळे खूश आहेत.

तुझ्या जागी जो बॉयलरवाला आला, तो कानांत कापूस घालून बसतो. मी त्याला ठोक्यांबद्दल विचारलं तर त्याने एका कानातला कापूस काढला, माझं ऐकलं, ‘जुना पाइप म्हटल्यावर कुरकुरणारच, ताई,’ म्हणाला, आणि कापूस परत घातला. माणूस वाईट नाही. मॅनेजरने त्याला आल्याआल्याच बजावलं होतं की आधीचा माणूस फार ऐकायचा.

कुणाला सांगू? मी सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही, आणि त्यांचंही काय चुकलं? कुत्रा, वीज, लिफ्ट, दाढ काढणारा डॉक्टर, मला कशाची म्हणून भीती वाटत नाही? गेल्या वर्षी जळका वास आला म्हणून मी अख्खा हॉल बाहेर काढला, आणि निघाला काय, तर इस्त्रीखाली करपलेला कुणाचा तरी मोजा. अजून माझ्याकडे बघून बायका नाक दाबतात. लेकीला म्हटलं, दुसरं टेबल मागून घे, तर म्हणाली, ‘आई, तुझं रोजचंच आहे.’

पण एक सांगते. आयुष्यभर मी भ्यायले, तरी आतून मला माहीत असायचं की काही होणार नाही. भिऊन झालं की मी झोपायचे. या वेळी तसं होत नाहीये. लेक सकाळी डबा उचलून जिना उतरते, आणि ती परत घरी येईपर्यंत मी तिच्यावरची नजर काढत नाही.

त्या चौकशीच्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एवढंच लिहिते की मॅनेजरने सगळ्यांसमोर मला विचारलं आणि जे दिसत होतं ते मी सांगितलं. काटा हलत नव्हता. तू स्वतः येऊन पाहिलास.

उत्तर दे रे. शिव्या घातल्यास तरी चालेल, दोन ओळी लिही.

भागूबाई


१२ मार्च, बुधवार

दादा,

तुझं कार्ड आज आलं. तुझी अक्षरं अजून शिडीसारखी उभी. दुपारपासून ते इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं. तुला दाखवण्यासाठी इथे पुन्हा उतरवते. आपण काय लिहिलं ते तू विसरला असशील, पण मला विसरता येणार नाही.

‘हल्ली एका रोपवाटिकेत आहे. इथे पाण्याचे नळ आहेत, ते आवाज करत नाहीत. ठोक्यांचं मला विचारू नकोस. मला तेव्हा दिवसाला चाळीस ऐकू यायचे, आणि काटा तर जागचा हलत नव्हता. तू खोटं बोलणार नाहीस, आणि मी डोळ्यांनीही पाहिलं. म्हणजे कानच गेले. ज्याचे कान गेले त्याने बॉयलरजवळ उभं राहू नये, म्हणून ते काम पुन्हा कुठे धरलं नाही. तू कानांच्या नादी लागू नकोस. काटा बघ. काटा स्थिर असेल तर पाइपला काही झालेलं नाही. लेकीला आशीर्वाद.’

दादा, मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गेलास. चार वर्षं मी तुझ्या रागाला घाबरत होते. तू तर रागावलाच नव्हतास. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास, आणि स्वतःच्या कानांवरचा काढून घेतलास.

आता सगळं लिहिते. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

मी नवीन लागले तेव्हाचं आठवतं? नोंदवहीच्या पहिल्या पानावर छापील सूचना होती, अजून आहे: ‘काट्याचे दोलन आढळल्यास वाफ बंद करून तत्काळ कळवावे.’ मी तुला विचारलं, दोलन म्हणजे काय रे? तू खिशातली किल्ली काढून सुतळीला बांधलीस आणि माझ्या नाकासमोर धरलीस. म्हणालास, ‘हे बघ. मधून निघाली, इकडे गेली, परत मधे आली, तिकडे गेली. गेलेली परत येते म्हणून हे दोलन. एकीकडे जाऊन तिथेच राहिली तर ते नुसतं कलणं.’ मी विचारलं, मग हिची खरी जागा कुठली? तू म्हणालास, ‘मधली. पण तिथे ती थांबत नसते, बाई. तिथूनच तर सगळ्यात जोरात जाते.’

किल्ली हलतच होती. मला बघवेना, मी हात पुढे करून ती धरली. तू खो खो हसलास. लहानपणीही टांगलेला दिवा हलला की मी स्टुलावर चढून तो धरायचे, आठवतं ना? हलणारं काही दिसलं की माझा जीव खालीवर होतो. तुझ्या त्या सांगण्यातलं मी अर्धंच घेतलं. मधली जागा खरी, एवढंच.

तू जायच्या दोनेक महिने आधी हॉलच्या दाराजवळचं वाफेचा दाब दाखवणारं गेज नाचायला लागलं. काटा चारवर जायचा, सातवर जायचा, पुन्हा चारवर. नोंदवहीत तासाला एकच चौकट असते, बोटाच्या नखाएवढी. मी आपली प्रामाणिकपणे त्यात ‘४ ते ७’ लिहू लागले. तपासणीला साहेब आले, त्यांनी पान बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हे काय, भाजीचा भाव लिहिलाय का? एक आकडा लिहा.’ बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या पानावरची सूचना त्यांना दाखवावी असं मनात आलं, पण मी वही मिटून घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी साडेपाच लिहायला लागले. चार आणि सातच्या मधे साडेपाच. खरी जागा.

पण वहीत साडेपाच आणि समोर काटा नाचतोय, हे मला सोसेना. तुला माहीतच आहे, गेजच्या खाली पितळेचा छोटा कॉक असतो, गेज बदलताना वाफ अडवायला. मी तो आवळला. एकदम बंद नाही केला. केसाएवढी फट ठेवली, वाफेचा दाब आत पोचेल पण धक्का पोचणार नाही इतकीच. काटा दोनदा थरथरला, सावकाश झाला आणि साडेपाचवर उभा राहिला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी मजेत घरी आले.

मग दीड महिन्याने तू ठोक्यांची तक्रार केलीस. पाइपातलं पाणी निघत नाही, वाफ त्या पाण्याला पुढे ढकलत नेऊन वळणावर आपटते, जोड तुटेल, पाइप बदला, असं तू लिहून दिलंस. मॅनेजरने सगळ्यांना गेजसमोर उभं केलं. काटा साडेपाचवर. दीड महिन्याचं रजिस्टर साडेपाच. तो म्हणाला, ‘दोलन कुठे दिसतंय मला दाखव. तुझ्या बहिणीलाच विचारतो.’ आणि मला विचारलं. तू माझ्याकडे बघत होतास. तू घाबरला नव्हतास, दादा, तुला खात्री होती की मी खरं तेच सांगणार.

मी म्हणाले, ‘काटा हलत नाही.’

ते खरंच होतं ना? तेवढंच सांगून मी चार वर्षं स्वतःची समजूत घातली. कॉकचं सांगितलं असतं तर गेजला हात लावला म्हणून मला काढलं असतं, लेक शाळेत होती, घरात आम्ही दोघीच. असं सगळं मनात मांडून ठेवलेलं आहे, तुला हवं तेव्हा दाखवीन. पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. त्या क्षणी मी नुसती घाबरले.

तुला मॅनेजरने काढलं. अफवा पसरवतो म्हणून. तू फाटकातून बाहेर पडताना कानात बोट घालून हलवत होतास. मला वाटलं, घाम पुसतोयस.

कॉक अजून तसाच आहे. काटा साडेपाचवर आहे. कार्डावर तू लिहिलंस तसं मी काट्याकडे बघते आहे, आणि त्याच्यासमोर माझी मुलगी उभी आहे.


१३ मार्च, गुरुवार

कालचं पत्र टाकलं नाही.

सकाळी टपालपेटीपर्यंत गेले, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि परत ओढलं. दुपारच्या सुट्टीत पुन्हा गेले. संध्याकाळी तिसऱ्यांदा. पेटीशेजारचा चांभार म्हणाला, ‘बाई, तिकीट कमी पडतंय का?’

तू असतास तर सुतळी आणि किल्ली काढली असतीस. सांगावं असं वाटतं तेव्हा मी निघते. पेटीपाशी पोचले की लेकीचा चेहरा दिसतो. मामा गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, तीन दिवस जेवली नव्हती. तिला मी काय सांगितलं होतं ठाऊक आहे? ‘मामाला हल्ली नीट ऐकू येत नाही.’ असा चेहरा दिसला की मी परत फिरते. मधे कुठे थांबायला जागाच नाही.

पण टपाल पोचायला दोन दिवस लागतात, मग तुझं उत्तर यायला दोन. आज ठोके बावन्न झाले. एक तर असा बसला की माझ्या खोलीची काच वाजली. सगळ्या बायकांनी मान वर केली, आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली घातली. लेक तेवढी वरच बघत राहिली, वळणाकडे. मग तीही कामाला लागली.

उद्या काय करायचं ते मला माहीत आहे. मला फक्त ते दुसऱ्या कोणी करायला हवं आहे.


१५ मार्च, शनिवार

दादा,

न टाकलेल्यांतलं हे तिसरं पत्र. तिन्ही एकाच पाकिटात घालते आहे, म्हणजे अर्ध्यातून मागे घ्यायला नको.

काल सकाळी मी आधी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, पाइप फुटेल, हॉल रिकामा करा. तो उठला, मला दंडाला धरून नाही पण तसंच जवळजवळ, गेजसमोर घेऊन आला. म्हणाला, ‘बघा बाई. साडेपाच. चार वर्षं साडेपाच. तुमच्याच हातचं रजिस्टर आहे. आता मोज्याचा वास येतोय की काय?’ दोन-तीन जणी हसल्या. मग मी चार नंबरच्या टेबलाजवळ गेले आणि लेकीला म्हटलं, बाहेर चल. ती म्हणाली, ‘आई, सगळ्यांसमोर नको ना.’ हळू आवाजात म्हणाली. तिला माझी लाज वाटत होती.

माझ्या पिशवीत पाना होता. सकाळी निघताना टाकला होता, तरी शेवटपर्यंत मला वाटत होतं की तो काढावा लागणार नाही.

मी परत गेजपाशी आले आणि कॉक सैल करायला लागले. चार वर्षांत तो पार धरून बसला होता, दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा हलला. मी एकदम नाही उघडला. तू शिकवलंस तसं, थोडा, मग थांबायचं, मग थोडा. काटा आधी थरथरला. मग साडेपाचवरून निघाला, तीनवर गेला, परत आला आणि न थांबता आठवर गेला. पुन्हा तीन. पुन्हा आठ. आठच्या पुढे लाल रेघ आहे, दर चार-पाच फेऱ्यांना तो तिला शिवून येत होता. गेज हातात धरलं असतं तर जिवंत लागलं असतं, असं ते धडधडत होतं.

मॅनेजर ओरडला, ‘गेज बिघडवलं तुम्ही!’

मी म्हणाले, ‘बिघडलेलं नाही. चार वर्षं मी ते धरून ठेवलं होतं. हे असंच हलत होतं. माझा भाऊ होता तेव्हाही हलत होतं. त्याचं खरं होतं.’

एवढं मी एका दमात बोलले. आणि तेवढ्यात वर वळणावर ठोका बसला. काट्याने आठ ओलांडलं त्याच क्षणी. आवाज आणि काटा, दोन्ही एकदम. सगळ्यांनी बघितलं आणि ऐकलं.

एक नंबरच्या टेबलावरची मावशी तुला आठवत असेल, तुला ‘लंबूशेठ’ म्हणायची ती. तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘चला गं पोरींनो, चादरी राहू देत.’ तिच्या मागून एकेक करत अठ्ठावीस जणी बाहेर पडल्या. माझी सगळ्यात शेवटी. माझ्याजवळून जाताना ती थांबली नाही. पण तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं आजवर कोणी बघितलेलं नाही, आणि मी खाली मान घातली नाही.

बॉयलरवाला धावत आला. त्याने कानांतला कापूस काढून जमिनीवर टाकला आणि काट्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, एकदम बंद करू नका. तो म्हणाला, ‘माहीत आहे, ताई.’ वाफ सावकाश कमी करत न्यायला त्याला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी हॉलच्या दारात उभी होते. का ते विचारू नकोस. बाहेर अंगणात लेक होती, तिच्यासमोर जाण्यापेक्षा पाइपाखाली बरं वाटत होतं.

दुपारी पाइप गार झाल्यावर खालचा नळ सोडला. तांबडं पाणी अर्धा तास वाहत होतं. पाणी काढून टाकणारा तो डबा, ज्याला तू ट्रॅप म्हणायचास, तो उघडला तर आत गंज आणि गाळ मिळून वीट झालेली. मग बॉयलरवाला शिडी लावून वर वळणावर चढला. जोडाच्या सहा बोल्टांपैकी दोन तुटलेले होते, तिसरा हाताने फिरत होता. त्यांच्यापासून पाइपाला तडा गेलेला, माझ्या तळहाताएवढा लांब. तो शिडीवरून खाली आला आणि पायरीवर बसून राहिला. म्हणाला, ‘आज संध्याकाळपर्यंत टिकला नसता.’ खाली चार नंबरचं टेबल होतं, हातभर सरकवलेलं. हातभर सरकवून काही उपयोग झाला नसता.

मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलं आहे. चौकशी होईल. गेजला हात लावल्याचं मी लिहून दिलं, तुझ्या वेळचंही लिहून दिलं, सही केली. मॅनेजरने रजिस्टर ओढून घ्यायच्या आधी सकाळच्या चौकटीत नोंद केली, ‘३ ते ८’. आकडे चौकटीत मावले नाहीत, बाहेर गेले. जाऊ देत.

घरी लेकीने कालपासून माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. वाढलेलं जेवते, ताट धुऊन ठेवते. रात्री मी तिला बारा तारखेचं पत्र वाचायला दिलं. तिने ते वाचून घडी घालून परत दिलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती गप्प आहे आणि ती तशी किती दिवस राहणार ते मला माहीत नाही. मी फार घाबरले आहे, दादा. पाइपाला भीत होते त्याहून जास्त.

नवा पाइप पुढच्या आठवड्यात बसेल. पण मावशीने मॅनेजरला सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं आहे की नुसता काटा बघून आम्ही हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. लंबूशेठला बोलवा. वाफ सोडल्यावर तो पाइपाखाली उभा राहून ऐकेल आणि ठीक आहे म्हणेल, तेव्हाच आम्ही इस्त्र्या उचलू. मॅनेजर गुरगुरला. अठ्ठावीस जणी अंगणात तशाच बसून राहिल्या. शेवटी त्याने माझ्याकडेच तुझा पत्ता मागितला.

मी तुला क्षमा कर म्हणून लिहिणार होते. चार वेळा लिहिलं आणि खोडलं. ते तुझं तू ठरव, घाई नाही. पण एक गोष्ट तुला आजच कळायला हवी. त्या वेळी दिवसाला चाळीस ठोके खरोखरच होत होते. तुझे कान चांगले आहेत. ते कधीच गेले नव्हते.

भागूबाई

पाकीट चिकटवायला घेतलं तर लेकीने काही न बोलता माझ्या हातून पत्र ओढून घेतलं आणि खाली ही ओळ लिहिली. ती ओळ झाकून मी वरच्या जागेत हे लिहिते आहे, वाचलेली नाही.

मामा, ये. मला तुझ्या शेजारी उभं राहून ऐकायचं आहे.